दर आठवड्याच्या चित्रवहीविषयी

नाशिक, जून महिन्याचा पहिला आठवडा

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक उत्तम आशीर्वाद.

सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी तू तयार केलेली तीस गृहपाठांची यादी मी दोनदा वाचली. शाळेची घंटा वाजण्यापूर्वीच वर्षभराची आखणी करून ठेवणारे कलाशिक्षक मी फार पाहिलेले नाहीत, त्यामुळे कौतुक आधी नोंदवतो आणि मग सांगतो की त्यातील निम्म्याहून अधिक विषय मी खोडले आहेत. ‘निसर्गचित्र काढा’, ‘झाडे लावा, झाडे जगवा’, ‘माझ्या स्वप्नातील गाव’ हे विषय वाईट आहेत असे नाही. परंतु ते पूर्ण करताना मुलाला वहीवरून मान वर करण्याची एकदाही गरज पडत नाही. हा गृहपाठ करण्यासाठी मुलाला कशाकडे पाहावे लागेल, एवढा एकच प्रश्न मी प्रत्येक विषयाला विचारला, आणि ज्याने उत्तर दिले नाही त्यावर काट मारली.

‘निसर्गचित्र’ म्हटले की काय येते ते तुला ठाऊक आहे, कारण पाचवीत असताना तूही तेच काढून आणले होतेस: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, चारच्या आकड्यासारखे पक्षी, एक झोपडी, खाली रुंद होत येणारी नदी आणि काठावर नारळाचे झाड. नाशिकच्या मुलाने रामशेज किल्ल्याचा सपाट माथा जन्मापासून पाहिलेला असतो, त्र्यंबककडे जाताना अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या कड्यांवर बेसॉल्टच्या थरांनी पडलेल्या पायऱ्या त्याच्या डोळ्यांसमोरून जातात, तरीही वहीत डोंगर म्हटला की त्रिकोणच उमटतो. (पांडवलेण्यांचा त्रिरश्मी डोंगर थोडा टोकदार आहे, एवढीच त्या त्रिकोणाला सवलत.) यात दोष मुलाचा नाही. आपण त्याला शब्द दिला आणि त्याने शब्दाचे चित्र परत केले. त्याऐवजी ‘शाळेच्या गच्चीवरून किंवा घराच्या खिडकीतून दिसणारी, आकाशाला टेकलेली कडा एका सलग रेषेत काढा, इमारती, पाण्याच्या टाक्या, तारा, डोंगर, जे मध्ये येईल ते येऊ द्या’ असे लिहिलेस, तर साठ मुलांच्या साठ वेगवेगळ्या रेषा तुझ्या टेबलावर येतील. सिडकोतल्या मुलाच्या रेषेत टाक्याच टाक्या असतील आणि मखमलाबादच्या मुलीच्या रेषेत कदाचित द्राक्षबागेचे मांडव असतील. कुणाची कुणावरून उतरवता येणार नाही, हा वरचा फायदा.

हे वय फार नाजूक असते, हे तू बी.एड.ला शिकली असशीलच. आठ वर्षांचे मूल हत्ती काढते आणि तो हत्तीच आहे यावर त्याचा पूर्ण विश्वास असतो; बारा वर्षांच्या मुलाला आपला हत्ती हत्तीसारखा दिसत नाही हे स्वतःच दिसू लागते, आणि त्यावर उपाय सापडला नाही तर ‘मला चित्रकला येत नाही’ असे सांगून ते कायमचे थांबते. मोठ्या माणसांपैकी बहुतेकांची चित्रकला इयत्ता सातवीतच संपलेली असते. म्हणून या तीन वर्षांत सुंदर चित्रे काढून घेण्यापेक्षा, चूक कुठे होते आहे हे पाहण्याची युक्ती मुलाच्या हाती देणे मला अधिक तातडीचे वाटते.

पहिल्या आठवड्याला मी नेहमी स्टीलचा पाण्याचा पेला देत असे. पेला प्रत्येक घरात असतो, त्याला पैसे पडत नाहीत, आणि त्यात एक चूक हमखास होते. मूल तोंड लंबगोल काढते, दोन बाजू उतरवते आणि तळाशी पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ मारते, कारण पेला टेबलावर सपाट उभा असतो हे त्याला माहीत असते. डोळ्याला तसे दिसत नाही. तोंड ज्या कारणाने लंबगोल दिसते त्याच कारणाने तळाची समोरची कडाही वळलेली दिसते, किंबहुना ती तोंडापेक्षा थोडी अधिकच वळलेली असते, कारण ती आपल्या नजरेच्या पातळीपासून अधिक खाली आहे. हे तू फळ्यावर समजावून सांगू नकोस. गृहपाठातच असे लिही: ‘एकच पेला तीन वेळा काढा, एकदा जमिनीवर ठेवून उभ्याने पाहून, एकदा बरोबर डोळ्यांच्या रेषेत धरून, आणि एकदा डोक्यापेक्षा उंच फळीवर ठेवून.’ डोळ्यांच्या रेषेत आणल्यावर तोंडाचा लंबगोल मिटून नुसती रेघ उरते आणि फळीवर ठेवल्यावर वळण उलट होते, हे ज्या मुलाने स्वतः पाहिले त्याला तांब्या, घागर, बादली, कुंडी किंवा देवळाचा गोल खांब पुन्हा शिकवावा लागत नाही. पुढे एलिमेंटरी या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या वस्तुचित्रात जी गडबड होते ती मुख्यतः या एका तळाच्या रेघेची असते.

फेब्रुवारीसाठी तू ‘फळांची परडी’ लिहिले आहेस. परडी कुणाच्या घरी असते? आपल्या जिल्ह्यात त्या महिन्यात हातगाडीवर द्राक्षेच द्राक्षे असतात, तेव्हा एक लहानसा घड दे आणि त्याचे दोन भाग कर. पहिल्या दिवशी घड काढायचा, मात्र सगळे मणी न काढता पुढचे पाच-सहाच नीट पाहायचे: कोणता मणी कोणाला झाकतो, उजेडाचा ठिपका कुठे पडतो, मण्यावरचा पांढुरका थर बोटाने पुसल्यावर आतला रंग किती गडद निघतो. मग घड खायचा आणि उरलेला देठांचा सांगाडा शेजारच्या पानावर काढायचा. मुले हा गृहपाठ कधी विसरत नाहीत, यात खाण्याचा वाटा मोठा आहे हे मला मान्य आहे. पण सांगाडा काढल्यानंतर तीच मुले घडाचे पहिले चित्र उघडून ‘सर, हे मणी कशालाच लटकलेले नाहीत’ असे आपणहून सांगत, आणि तेवढ्यासाठी मी दरवर्षी तो गृहपाठ देत राहिलो.

साहित्याविषयी फार लिहीत नाही. ए-4 आकाराची कोऱ्या पानांची वही आणि एक 2बी पेन्सिल पुरे. महागडे संच आणू नका असे पालकसभेत स्पष्ट सांग. एक नियम मात्र पाळ. महिन्यातून एक गृहपाठ साध्या बॉलपेनने काढायला लाव. खोडरबर हाती असला की या वयाची मुले अर्धा तास एकच कान खोडत बसतात. पेन दिले की चुकलेल्या रेषेच्या शेजारी दुसरी बरोबर रेषा काढावी लागते आणि दोन्ही पानावर राहतात. चुकीची रेषा पुसू नका, ती शेजारी असली म्हणजे बरोबर रेषा शोधायला मदतच होते, हे मुलांना सांगून पटत नाही, पेनने मात्र पटते. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख, बसलेली जागा आणि लागलेला वेळ लिहायला लाव. वेळ तीस मिनिटांहून अधिक नको, कारण त्यांना गणित आणि इंग्रजीही असते, आणि आपण ते विसरलो तर पालक आपल्याला आठवण करून देतात.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी सातवीतील एका मुलाने आजीच्या पायांचे चित्र काढून आणले होते. पावले फारच लांब झाली होती, पण टाचेच्या भेगा त्याने इतक्या बारकाईने टिपल्या होत्या की मी वहीवर वाकून बराच वेळ पाहत राहिलो, आणि मग, माझ्यातल्या शिक्षकाला राहवले नाही म्हणून, माझ्या 6बी पेन्सिलने त्या पावलांवरच नवी, प्रमाणबद्ध पावले काढून दिली. रेषा उत्तम होती. पुढच्या आठवड्यात त्या पानावर पांढरा कागद चिकटवलेला होता आणि त्यानंतर वर्षभर त्या मुलाने पेन, पट्टी, कंपासपेटी अशा निर्जीव वस्तूंखेरीज काही काढले नाही. तेव्हापासून मुलाच्या रेषेवर मी माझी रेषा काढली नाही. दाखवायचेच असेल तर वेगळ्या चिठोऱ्यावर काढावे आणि तो चिठोरा मुलाला हवा असेल तर ठेवू द्यावा, नको असेल तर टाकू द्यावा. शेरासुद्धा चित्रावर नव्हे, मागच्या बाजूला लिहावा.

शेऱ्यावरून तपासणीचा विषय निघतो, आणि इथेच बहुतेक नवे शिक्षक दोन महिन्यांत थकतात. तुझ्याकडे सहा तुकड्या आहेत आणि प्रत्येकीत सुमारे 55 मुले, म्हणजे 330 वह्या. एका वहीला दोन मिनिटे धरली तरी दर आठवड्याला अकरा तास होतात. ते तुला शक्य नाही आणि कुणी तशी अपेक्षाही करू नये. मी असे करीत असे: तासाच्या सुरुवातीला मुले वही उघडून बाकावर ठेवत आणि मी रांगेतून फिरत केवळ तारीख व काम झाले की नाही एवढे पाहून सही करीत असे, त्याला दहा मिनिटे लागत. घरी मात्र प्रत्येक तुकडीतील दहाच वह्या नेत असे आणि त्या साठ वह्यांवर तीन-तीन मिनिटे देऊन एक-दोन पूर्ण वाक्ये लिहीत असे. सहा आठवड्यांत सगळ्यांची पाळी येते. ‘छान’, ‘सुधारणा हवी’ असले शेरे लिहायचे असतील तर वह्या नेऊच नयेत. ‘कुकरच्या शिटीची सावली झाकणावर तिरपी पडली आहे, ती तू पाहिलीस’ असे वाक्य लिहिले की आपले पान कुणीतरी खरोखर वाचले हे मुलाला कळते. गुण द्यावेच लागतात. ते नियमितपणा आणि पाहण्याच्या खुणा यांना दे. हात चांगला असलेल्या चार मुलांना तू काहीही केलेस तरी कौतुक मिळणारच आहे.

मोबाईलवरून उतरवलेली चित्रे येतील. त्यावर रागावण्यात वेळ घालवू नकोस. गृहपाठाचे वाक्यच असे बांध की त्याचे उत्तर मोबाईलमध्ये सापडू नये: ‘चप्पल काढा’ म्हटले तर मिळेल, ‘आज सायंकाळी तुमच्या दाराबाहेर जशा पडल्या आहेत तशा सगळ्या चपला काढा’ म्हटले तर मिळणार नाही. शिवाय चपलांच्या मधली रिकामी जागा कशी दिसते, तिचा आकार कोणता, हे पाहण्याची सवय याच गृहपाठात लागते. घरच्या कुणीतरी चित्र काढून दिले असेल तर रेषेवरून ते लगेच ओळखू येते. अशा वेळी मुलाला काही न बोलता तीच वस्तू वर्गात पाच मिनिटांत काढायला सांगावी.

कला संचालनालयाच्या ग्रेड परीक्षांचा दबाव तुझ्यावर पहिल्याच वर्षी येईल, कारण इंटरमिजिएट या वरच्या परीक्षेतील श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात आणि पालकांना ते नेमके ठाऊक असते. परीक्षेला माझा विरोध नाही. स्मरणचित्राच्या नावाखाली बाजाराचे एकच दृश्य महिनाभर घोटून घेतले जाते आणि परीक्षेत विषय कोणताही येवो, तोच भाजीवाला आणि तीच छत्री कागदावर उतरते, याला मात्र आहे. स्मरणाचाही सराव करावा लागतो, आणि तो चित्रवहीतच होतो. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले’ हीच गावभर चर्चा असते. त्या आठवड्यात दूरचित्रवाणीवरचे दृश्य बंद करून मारुतीची मूर्ती, तिच्याभोवतीचा घाट आणि शेजारचा पूल जेवढा आठवेल तेवढा काढायला सांग. पुराच्या दिवसांत घाटावर कुणीही जायचे नाही, हे वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिही. पाणी ओसरल्यानंतर पालकांसोबत जाऊन तेच दृश्य जागेवर बसून काढायचे आणि दोन पाने समोरासमोर ठेवायची. काय विसरले होते ते तिथे दिसते. रंगपंचमी झाली की, त्या दिवशी पेशवेकालीन रहाडीत (रंगीत पाण्याच्या हौदात) धप्पा मारणारी माणसे हाही असाच विषय आहे. उडी मारणाऱ्या माणसाचे गुडघे कुठे असतात हे आठवताना मुले वर्गात चक्क उड्या मारून पाहतात, तेव्हा शेजारच्या वर्गाची तक्रार येईल ती सोसावी.

संकल्पचित्रासाठी तू दिलेला ‘फुलांची नक्षी’ हा विषय मी ठेवला आहे, फक्त त्याला येवल्याची जोड दिली आहे. कुणाच्या घरी पैठणी असेल तर पदरावरच्या मोराची कड जवळून पाहायची; विणकामात धागे आडवे-उभेच जात असल्यामुळे तिरपी किंवा गोल रेषा बारीक पायऱ्यांनी वळते. आलेखाच्या कागदावर तसाच मोर बसवायला दिला की नक्षी म्हणजे मनाला येईल तशी वळणे नव्हेत हे आपोआप कळते. पैठणी नसेल तर भरतकामाचा रुमाल किंवा आसनपट्टीही चालेल.

सुधारलेली यादी सोबत जोडली आहे. तीसऐवजी, मी नव्याने लिहिलेले धरून, बावीसच विषय ठेवले आहेत, कारण परीक्षा, सणांच्या सुट्या आणि स्नेहसंमेलनाचा गोंधळ वगळता हाती तेवढेच आठवडे उरतील आणि दोन-तीन वेळा मुलांना एखादा विषय पुन्हा करावासा वाटेल. जुलैच्या अखेरीस एखाद्या रविवारी घरी ये. येताना पेल्याच्या गृहपाठाच्या चार-पाच वह्या आण, आणि त्यांतल्या दोन तरी अशा असू देत ज्यांच्यावर काय लिहावे हे तुला सुचलेले नाही.

तुझा,
चित्रकलेचा जुना शिक्षक