'पंखताड' नव्हे!

प्रश्न असा : वर्षावनांतल्या 'फॅन पाम'ला मराठीत 'पंखताड' म्हणावं का? आणि पूर्वापार लोक या झाडांचा उपयोग कशासाठी करत आले?

'पंखताड' भाषांतरांत सारखा भेटतो आणि दर वेळी डोकं उठतं. पंख म्हटलं की पीस आलं. नारळ-सुपारीचं पान पिसासारखं, मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाती. म्हणजे 'पंखताड' नेमकी उलटी जात डोळ्यांपुढे आणतो! फॅन पामची पाती देठाच्या टोकाशी एकाच ठिकाणाहून फाकतात. म्हणायचंच तर 'पंखाताड' म्हणा, काना खाऊ नका.

पण तेही फिरून भोपळे चौकात. संस्कृतात पंख्यालाच 'तालवृन्त' म्हणतात, शब्दशः ताडाचा देठ. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात दुष्यंत शकुंतलेला विचारतो, कमळपानांच्या तालवृन्ताने वारा घालू का? पान कमळाचं, नाव ताडाचं! इंग्रजीने पंख्यावरून ताड ओळखला, आपण ताडावरून पंखा. मग 'पंखाताड' म्हणजे 'ताडताड'च की.

खरी उपमा हाताची आहे. लॅटिन 'पाल्मा' म्हणजे तळहात. पान पसरलेल्या पंजासारखं, म्हणून झाडही 'पाल्मा'. आता आपल्याकडे बघा : तल म्हणजे तळहात, ताल म्हणजे टाळी आणि ताल म्हणजे ताडही. टाळ, टाळी, ताडन, सगळी हाताची कामं. वारा सुटला की ताडाची कडक पानं एकमेकांवर आपटून टाळ्याच वाजवतात. माझ्या मते झाडाचं नाव तिथूनच आलं. या नावाचं द्राविड मूळ मानणारे पंडित लगेच ताडाचीच कन्नड आणि तेलुगू नावं, 'ताळे' आणि 'ताडि', पुढे करतील. करोत. तमिळात ताडाला 'पनै' म्हणतात आणि 'ताळै' म्हणजे केवडा, याचं उत्तर आधी द्या. 'ल'चा 'ड' झाला की प्रत्येक शब्द दक्षिणेत धाडायचा, ही खोड आता पुरे. (ताडपत्रीबद्दल आज विचारू नका.)

हो, उपयोग राहिलेच. दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीच्या मुखाशी राहणारे वाराओ लोक मोरिचे या फॅन पामच्या कोवळ्या पानांच्या धाग्यांचे झोपाळे विणतात, खोडातून पीठ काढतात, फळं खातात. लिकुआला हा वर्षावनांच्या सावलीत वाढणारा दुसरा फॅन पाम. त्याच्या काही जातींचं पान जवळजवळ अख्खं गोल. छपराला, टोप्यांना, अन्न गुंडाळायला ते कामी येतं. मलेशियात त्याच्या कोवळ्या पातीची त्रिकोणी घडी करून आत नारळाच्या दुधातला चिकट भात भरतात आणि उकडतात. त्याला 'केतुपात पलस' म्हणतात.

तर मराठीत 'पंजाताड' म्हणा. आणि मलय भाषेत लिकुआलाला 'पलस' म्हणतात म्हणून आपल्या पळसाशी नातं जोडणारी पत्रं कृपया पाठवू नयेत. तो मोह मी स्वतः मोठ्या कष्टाने आवरला आहे.