पंचेचाळिशीनंतर घोडेस्वारी शिकल्याने विसराळूपणा कमी होतो का?

मी सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा रिकिबीत पाय घातला. आता एक्कावन्न चालू आहे, म्हणून लिहिते.

पाळी मागेपुढे व्हायला लागली आणि माझे शब्द हरवू लागले. वीस वर्षं भूमिती शिकवतेय मी, आणि एक दिवस फळ्यासमोर ‘समांतर’ आठवेना. मुलं खडूकडे बघत बसली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इस्ट्रोजेन घटतं तेव्हा असं होतं. दादा म्हणाला, शब्दकोडी सोडव. घोड्याचं कळल्यावर म्हणाला, "व्यायाम घोड्याला होतो, तू नुसती बसणार."

नुसती बसणार! घोडी दुडक्या चालीला लागली की एका ठोक्याला खोगिरावरून उठायचं, दुसऱ्याला टेकायचं. तेही रिंगणाच्या बाहेरच्या बाजूचा तिचा खांदा पुढे जाईल तेव्हाच उठायचं. टाचा खाली, लगाम हलका, नजर पुढच्या वळणावर. मनात पेपर तपासायचे आले की ठोका चुकलाच, आणि ते तिला आधी कळतं, एक कान मागे वळतो. दोन महिने मी तोंडाने एक-दोन, एक-दोन म्हणत होते. मग एका सकाळी लक्षात आलं की मोजणं कधीच थांबलंय आणि मांड तरी पक्की आहे. खाली उतरून खरारा करताना माझे गुडघे थरथरत होते. कोडं सोडवून गुडघे थरथरत नाहीत.

२०११ साली अमेरिकेत १२० वयस्कांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभर भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी साठवणारा भाग, सुमारे २ टक्के वाढला. नुसते स्नायू ताणणाऱ्यांचा आकसला. तो प्रयोग चालण्याचा होता, घोड्याचा नव्हे, पण दुडकीत दम लागतो आणि वर तोल सांभाळावा लागतो. शब्द माझे अजूनही अडतात. पूर्वीसारखी घाबरत नाही.

आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासा, विसराळूपणा त्यानेही येतो. हाडांची घनताही बघून घ्या, आणि हेल्मेटशिवाय बसू नका. डोक्यावर पडलात तर सगळंच उलटं व्हायचं.

आणि शिकायचं तर पागेत जाऊन शिका. माथेरानला घोडेवाल्याने लगाम धरून फिरवलं, ती घोडेस्वारी नव्हे. लहानपणी "मुलींनी बसू नये" म्हणून मला खाली उभं ठेवून दादाला तेवढंच मिळालं होतं.