पीएचडी करायचीय, पण पाच वर्षं घर कसं चालवू?

मी समुपदेशक. गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला सहा-सात जणांनी तरी विचारलाय, सगळे कॉम्प्युटरवाले. म्हणून एकाची गोष्ट सांगते, ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

एम.टेक. झालेला, वय २७, लातूरकडचा, पुण्यात एका खासगी कॉलेजात शिकवायचा. पहिल्या भेटीत अर्धा तास एकच पालुपद, "मॅडम, परवडणार नाही." मी समजूत काढली नाही, नुसतं विचारलं, "किती परवडणार नाही?"

"म्हणजे?"

"आकडा सांग."

आकडा नव्हताच! डायरीचं पान फाडून दिलं. खोली ५,५००, मेस ३,६००, घरी १०,०००, शिक्षणकर्जाचा हप्ता ४,८००, पेट्रोल-रिचार्ज १,५००. बेरीज २५,४००. पगार २४,०००, तोही कधी दहा तारखेला कधी वीसला. बराच वेळ पानाकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे मी आत्ताच तोट्यात आहे की." दोघंही हसलो.

त्याच पानाच्या मागे पीएचडीचा हिशोब मांडला. नेट ही पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधन करणाऱ्याला सरकार दरमहा देतं ती फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी तिची एसआरएफ, म्हणजे वरची पायरी, झाली की ४२,०००, हॉस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं. गेट ही इंजिनिअरिंगची परीक्षा दिलेल्याला आयआयटी, एनआयटीत संस्थेची फेलोशिपही साधारण तेवढीच, त्याबदल्यात टीए, म्हणजे शिकवण्यातला मदतनीस, म्हणून लॅब घ्या, पेपर तपासा. पंतप्रधान रिसर्च फेलोशिप ७०,००० पासून सुरू होते पण ती मोजक्यांनाच. सारथी, बार्टी, महाज्योती या आपल्या राज्य सरकारच्या संस्थाही फेलोशिप देतात, पण त्यांना आधी पीएचडीचं रजिस्ट्रेशन लागतं, आणि इथेच मुलं फसतात बरं का, "आधी ॲडमिशन घेऊ, फेलोशिप मागून मिळेलच" म्हणून बसतात. गाइडच्या प्रोजेक्टमधून पैसे मिळणार असतील तर प्रोजेक्ट कधी संपतो ते पहिल्याच दिवशी विचारा, प्रोजेक्ट तीन वर्षांचा आणि पीएचडी पाच वर्षांची असं सर्रास होतं. अमेरिकेतही कॉम्प्युटरच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर स्टायपेंड असतो, लाखांचं कर्ज लागतं ते एम.एस.ला, म्हणजे तिथल्या मास्टर्सला. पालक हे दोन्ही एकच धरतात.

३७,००० वजा २५,४००, उरतात ११,६००. मला वाटलं आता पठ्ठ्या खूश होईल. तो उलट गप्प.

पुढच्या भेटीला आला तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "पैशाचं नाहीच ते. माझ्या वयाच्या पोरांची लग्नं झाली गावात. आई लोकांना काय सांगणार, पोरगा अजून शिकतोय?"

'असं झालंच पाहिजे' या हट्टातून माणूस स्वतःला त्रास करून घेतो म्हणणारा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, त्याला मी मानणारी, त्यामुळे माणसाच्या बोलण्यातला 'च' मला आधी ऐकू येतो. त्याला म्हटलं मनातलं वाक्य लिही. त्याने लिहिलं, "तिशीच्या आत सेटल झालोच पाहिजे." त्यातला 'च' खोड म्हटलं. खोडला. मग वाचून बघितलं, आणि स्वतःहूनच 'पाहिजे'वर काट मारून 'तर बरं' लिहिलं. हे मी सांगितलं नव्हतं! इतकी वर्षं हे काम करतेय पण असा क्षण आला की अजूनही चहा गार होतो माझा.

त्यानंतरची कामं सोपी होती. फेलोशिप अडकते, चार-चार महिने येत नाही, हे त्याला आधीच सांगितलं आणि तेवढा खर्च बाजूला पडेपर्यंत नोकरी सोडू नको म्हटलं. त्याने सहा महिने शिकवण्या घेतल्या, गेट पुन्हा दिली. आता एका एनआयटीत दुसऱ्या वर्षाला आहे.

दिवाळीत फोन आला होता. आई शेजारणीला सांगत होती म्हणे, "त्याला सरकार अभ्यास करायचा पगार देतंय."