भरतीची तयारी आणि नडगीचं दुखणं

"ताई, मन्हा पोऱ्या हाडनाच कच्चा शे का?" अमळनेर तालुक्यातल्या एका आईनं बसता बसताच विचारलं. मुलगा एकोणीस वर्षांचा, अग्निवीर भरतीसाठी पळणारा. नडगीत कळ यायची, कॅल्शियमच्या गोळ्या चालूच होत्या. भरतीच्या हंगामात हा प्रश्न घेऊन बरेच पालक येतात.

दुखतं कुठं, ते दाखव म्हटलं. त्यानं नडगीवर एकाच जागी बोट टेकवलं आणि दात आवळले. त्याला आधी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. असा बारीक तडा, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसेलच असं नाही. याचा पुढच्या तपासणीत निघाला.

मग खाणं विचारलं. पहाटे चारला उपाशीपोटी पळायचं. १६०० मीटरची वेळ कमी करायला वजन उतरवायचं, म्हणून रात्रीची भाकरी बंद. दोन केळी, मूठभर भिजवलेले चणे. उजाडायच्या आत पळून झालं की दिवसभर अभ्यासिकेत. ऊनच नाही, तर ड जीवनसत्त्व कुठून मिळणार?

आईला सांगितलं, पोरगा कच्च्या हाडाचा नाही. पळण्यानं हाडाची रोज थोडी झीज होते, ती विश्रांतीनं आणि जेवणानं भरून निघते. यानं फेऱ्या एकदम वाढवल्या आणि जेवण तोडलं. गोळ्यांचा उपयोग असतो. अमेरिकी नौदलातल्या प्रशिक्षणार्थी मुलींवरच्या २००८ च्या अभ्यासात रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिल्यावर असे तडे सुमारे २० टक्क्यांनी घटले. पण डोस डॉक्टरांनी ठरवायचा, आणि अर्धपोटी पळणाऱ्याला नुसती गोळी पुरत नाही.

घरी दुभती म्हैस होती, दूध मात्र सगळं डेअरीला. त्याच पैशातून अकॅडमीची फी जायची, म्हणून आई दुधाला हात लावू देत नव्हती. तिची अडचण खरी होती. शेवटी संध्याकाळचं अर्धा लिटर घरात ठेवायचं ठरलं. रोज लागणाऱ्या १००० मिलिग्रॅम कॅल्शियमपैकी निम्मं त्यातच भागतं. रात्री पोटभर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, वर तिळाची चटणी, जोडीला डाळ किंवा शेवग्याची भाजी. पळण्याआधी एक केळं. सकाळी दहानंतर थोडा वेळ उघड्या हातापायांवर ऊन. पळणं परत कधी, ते डॉक्टर सांगतील तेव्हा, तेही टप्प्याटप्प्यानं.

तुमच्याही मुलाचं किंवा मुलीचं दुखणं असं एका बोटाखाली सापडत असेल, बसल्याजागीही ठणकत असेल, तर बाम चोळून मैदानावर पाठवू नका. त्याच दिवशी पळणं थांबवा आणि डॉक्टर गाठा.