ओव्हर, सुई आणि ‘बाकी सगळं ओके’

नागपुरातल्या रुग्णालयांत आणि लॅबमध्ये काम करणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. नावं आणि संस्था गाळल्या आहेत, प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

धंतोलीतल्या एका रुग्णालयात आयसीयूत स्टाफ नर्स आहे. ओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती, देणाऱ्या सिस्टर घाईत असतात, ‘बाकी सगळं ओके’ म्हणून निघून जातात. मागच्या महिन्यात एका पेशंटला हेपॅरिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) डोस दोनदा गेला, कारण आधीचा डोस चार्टवर चढलाच नव्हता. पेशंटला काही झालं नाही, पण बोलणी मला बसली. ओव्हर नीट व्हावी म्हणून काय करावं?

बोलणी तुम्हाला बसली, पण चूक पद्धतीत आहे. शिफ्ट संपताना सगळ्या पेशंटच्या सह्या एकदम करायच्या, ही सवय बऱ्याच वॉर्डांत दिसते. शेवटच्या तासात दिलेला डोस मग कागदावर येतच नाही. येणारी सिस्टर रिकामा रकाना बघते आणि प्रामाणिकपणे डोस देते. म्हणून सही बेडजवळच, डोस दिल्याबरोबर. शिफ्ट बदलण्याच्या आगेमागे अर्ध्या तासात येणारा प्रत्येक डोस तोंडी सांगायचा: ‘आठचं हेपॅरिन मी दिलंय’ किंवा ‘आठचं तुम्ही द्यायचंय’. यात तिसरा पर्याय नको.

ओव्हर काउंटरवर फाइल उघडून नव्हे, पेशंटजवळ उभं राहून घ्या. सुरुवात सगळ्यात गंभीर पेशंटपासून, बेड नंबर एकपासून नव्हे. शेवटी शेवटी दोघींचंही लक्ष उडालेलं असतं, आणि व्हेंटिलेटरवरचा पेशंट बारा नंबरला असला तर नेमका त्याच्याच वाट्याला घाई येते. ओळख नाव आणि आयपी नंबर (दाखल पेशंटचा नोंदणी क्रमांक) अशा दोन गोष्टींनी पटवायची. ‘सात नंबर’ ही ओळख नाही. दुपारी बेड बदलला की सात नंबरला दुसराच माणूस असतो.

सांगण्याचा क्रम ठरलेला असावा: पेशंट किती गंभीर आहे, कशासाठी दाखल आहे आणि आज काय घडलं, कोणती कामं बाकी आहेत, आणि काय बिघडलं तर काय करायचं. हा शेवटचा भागच बहुतेक वेळा सुटतो. ‘युरिन कमी आहे, लक्ष ठेवा’ असं सांगून उपयोग नाही. ‘सलग दोन तास युरिन तासाला ३० मिलीच्या खाली गेलं तर आरएमओंना (ड्युटीवरच्या डॉक्टरांना) फोन’ असं सांगितलं तर रात्री दोन वाजता नवखी सिस्टरही निर्णय घेऊ शकते. मग घेणारीने मोजक्या शब्दांत ते परत म्हणून दाखवायचं. शेवटी दोघींनी मिळून इन्फ्युजन पंपाचा रेट, सिरिंजवरच्या लेबलातली औषधाची मात्रा, ऑक्सिजनचा फ्लो, ड्रेन आणि ॲलर्जीचा पट्टा डोळ्यांनी बघायचा. पंपाचा रेट बरोबर आणि सिरिंजमधलं मिश्रण दुप्पट, हा घोळ फाइल वाचून कधीच सापडत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या ९ बालरुग्णालयांत निवासी डॉक्टरांच्या ओव्हरला अशीच ठरलेली चौकट दिली, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

नागपुरात आणखी एक भानगड आहे, आकड्यांची. एकाच वॉर्डात मराठी, हिंदी आणि मल्याळम बोलणाऱ्या सिस्टर असतात. फोनवर लॅबवाला ‘एकोणसत्तर’ म्हणतो, ऐकणारी एकोणसाठ लिहिते. हिंदीत ‘उनसठ’ आणि ‘उनहत्तर’ यांचंही तेच. रिपोर्टचे आणि डोसचे आकडे एकेक अंक सुटा करून, इंग्रजीत सांगायचे: ‘सिक्स, नाईन’. पोटॅशियम ‘टू पॉइंट नाईन’. ऐकणारीने आधी लिहायचं, मग लिहिलेलं वाचून दाखवायचं, मग सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचं. इन्सुलिन लिहिताना ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा. त्याऐवजी नुसतं इंग्रजी यू अक्षर लिहिलं तर घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात.

रात्रपाळीत सलाइनची सुई काढताना बोटाला टोचली. वरिष्ठ म्हणाले, डेटॉलने धुऊन टाक, पेशंटचा रिपोर्ट उद्या बघू. हे बरोबर आहे का? (ब्रदर, मानेवाडा)

नाही. उद्याची वाट बघायची नाही.

साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, ब्लीच किंवा स्पिरिट लावू नका. त्याने कातडीला इजा होते, फायदा काहीच नाही. डोळ्यांत रक्त उडालं असेल तर स्वच्छ पाण्याने किंवा नॉर्मल सलाइनने धुवा, लेन्स असेल तर आधी डोळा धुऊन मग ती काढा आणि पुन्हा धुवा.

एचआयव्हीविरुद्धचं औषध, म्हणजे पीईपी, जमलं तर २ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम ही तिन्ही औषधं एका गोळीत येतात. रोज एक गोळी, २८ दिवस, मध्ये खाडा नाही. अँटासिड, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. ती डोल्युटेग्राव्हिरच्या शोषणात आड येते, म्हणून पीईपीची गोळी तिच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. पेशंटची तपासणी त्याच्या संमतीनेच होते, पण तिच्यासाठी पहिला डोस अडवून ठेवायचा नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर डॉक्टर गोळी थांबवू शकतात. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत एआरटी, म्हणजे एचआयव्ही उपचार केंद्र आहे. रात्री अशा ठिकाणी कॅज्युअल्टीत जाऊन ‘सुई टोचली आहे, पीईपी हवी’ असं पहिल्याच वाक्यात सांगा, नाही तर साध्या जखमेच्या रांगेत उभं करतील.

आता घाबरण्याच्या मापाबद्दल. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यावर संसर्गाचा धोका हजारात साधारण ३ असतो. हिपॅटायटिस बीचा, लस घेतलेली नसेल तर, त्याहून कितीतरी जास्त, शंभरात ६ ते ३०. तरीही सगळी चर्चा एचआयव्हीचीच होते. लशीचे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) झाल्यावर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लशीने आलेली प्रतिकारशक्ती) तपासून घ्या. १० किंवा त्याहून जास्त आलं तर तुम्ही सुरक्षित. लस झालीच नसेल आणि पेशंट बाधित असेल तर लशीच्या पहिल्या डोससोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, शक्यतो २४ तासांत. हिपॅटायटिस सीला असं प्रतिबंधक औषध नाही. तपासणी करत राहायची आणि संसर्ग दिसला तर उपचार घ्यायचे, तो हल्ली गोळ्यांनी बरा होतो.

घटना त्याच रात्री रजिस्टरमध्ये लिहून घ्या आणि स्वतःची रक्ततपासणी करून घ्या. त्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट हाताशी नसेल, तर संसर्ग कामावर झाला हे पुढे सिद्ध करणं अवघड जातं.

आमच्या वॉर्डातल्या मावशींना कचरा उचलताना पिशवीतून सुई टोचते. मावशी सांगतसुद्धा नाहीत. (वॉर्ड इन्चार्ज, कामठी रोड)

सांगत नाहीत, कारण सांगितलं की ‘ग्लोव्हज का नाही घातले’ हाच पहिला प्रश्न येतो. पहिला प्रश्न ‘केव्हा टोचली?’ हा असू द्या. पिशवीतल्या सुईचा पेशंट माहीत नसतो, म्हणून तिला धोक्याचीच धरून वर सांगितलेली वाट लगेच धरायची. कंत्राटदाराच्या मावशी असोत वा रुग्णालयाच्या, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस त्यांनाही द्यावी लागते.

सुई लाल पिशवीत जाते कशी? सुयांचा पांढरा डबा लांब असतो म्हणून. इंजेक्शन देणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर, ट्रॉलीवरच तो डबा असायला हवा. डबा आठ पावलांवर असेल तर सुईला टोपण घातलं जाणार आणि ती ट्रेमध्ये पडणार. डबा पाऊण भरला की बदला. काठोकाठ भरलेल्या डब्यात सुई कोंबतानाच बोटं सापडतात.

हायपोक्लोराइटने (क्लोरीनच्या जंतुनाशकाने) पुसताना बायांचे डोळे-घसा जळतात. किती पातळ करायचं? (लॅब सुपरवायझर, रामदासपेठ)

बाटलीवरचा टक्का बघा. ५ टक्क्यांचं असेल तर २०० मिलीत ८०० मिली पाणी, १० टक्क्यांचं असेल तर १०० मिलीत ९०० मिली पाणी. १ टक्का द्रावण तयार. पाणी साधंच, गरम नको. रक्त सांडलं तर आधी वर कागद किंवा कापड पसरा, मग कडेकडून मध्याकडे द्रावण ओता, निदान दहा मिनिटं थांबा, मग उचला. लघवी सांडली असेल तर ती आधी टिपून घ्या, थेट त्यावर ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो. टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडसोबत तर ते कधीच एकत्र करू नका. तुमच्याकडे घसा जळतोय, तेव्हा बादलीत असंच काही मिसळलं जातंय का, हे पहिल्यांदा बघा.

नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेला की गच्चीवर किंवा खिडकीत ठेवलेल्या कॅनमधला क्लोरीन भराभर उतरतो. कॅन सावलीत, झाकण बंद. पातळ केलेलं द्रावण रोज नवं, बाटलीवर तारीख आणि वेळ.

ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सरांची चूक दिसली तर टेक्निशियनने बोलायचं कसं? (ओटी टेक्निशियन, सीताबर्डी)

शब्द आधीच ठरलेले असले की बोलता येतं. पहिल्यांदा: ‘सर, मला शंका आहे, कन्सेंटवर डावी बाजू लिहिली आहे.’ उत्तर आलं नाही तर तेच जरा मोठ्याने. तरी नाही, तर: ‘सर, हे सुरक्षित वाटत नाही, थांबू या.’ कुणाच्या चुकीवर नाही, कागदावरच्या गोष्टीवर बोट ठेवायचं. हे चालण्यासाठी सर्जनने आठवड्याच्या एखाद्या शांत दिवशी सगळ्यांदेखत सांगायला हवं, की दोनदा टोकलं तर मी थांबणार. तेवढं सरांनी केलं नाही तर टेक्निशियनच्या धाडसावर सगळा भार टाकणं अन्यायाचं आहे.

चिरा देण्याआधीच्या टाइम आउटला, म्हणजे शेवटच्या पडताळणीला, गाणी बंद, हात थांबलेले. फॉर्म आधीच भरून ठेवलेला असेल तर तो टाइम आउट नव्हे, कारकुनी झाली. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित शस्त्रक्रियेसाठीची १९ मुद्द्यांची यादी ८ शहरांतल्या रुग्णालयांत वापरली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये नोंदलं गेलं. मॉपची (रक्त टिपायच्या कापडी घड्यांची) मोजणी दोघांनी मोठ्याने करायची: सुरुवातीला, पोकळी बंद करण्याआधी, कातडी शिवण्याआधी. आकडा फळ्यावर लिहायचा.

नातेवाईक अंगावर येतात. छोटं नर्सिंग होम आहे, गार्ड एकच. (जरीपटका)

बहुतेक वेळा राग दिवसभर साचतो, कारण प्रत्येकाने वेगळं सांगितलेलं असतं. एकच नातेवाईक, दिवसातून दोन ठरलेल्या वेळा, आणि बोललेलं केसपेपरवर. वाईट बातमी सांगताना डॉक्टर आणि सिस्टर दोघं, दार आपल्या बाजूला. मृत्यू आणि बिल एका दमात नको.

अंगावर आलेच तर वाद थांबवून मागे हटा आणि ११२ लावा. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि मोडतोडीची दुप्पट भरपाई. तक्रार मार खाल्लेल्या सिस्टरने नव्हे, संस्थेने द्यावी. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या रुग्णालयांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना अशा तक्रारीसाठी ६ तासांची मुदत घालून दिली. तुम्हीही तीच पाळा. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून त्याच रात्री पेनड्राइव्हवर घ्या.

दोन रुग्णालयांत ड्युटी करते. एकीकडे कोड रेड म्हणजे आग, दुसरीकडे वेगळंच काही. लक्षात राहत नाही.

ठेवूही नका. ‘आग, दुसरा मजला, नवजात कक्ष’ असं सरळ ओरडा. भंडाऱ्यात जानेवारी २०२१ मध्ये नवजात कक्षात आग लागून १० बाळं गेली, त्यानंतर तरी प्रत्येक शिफ्टला दोन गोष्टी ठाऊक हव्यात: ऑक्सिजनचा झोन व्हॉल्व्ह (त्या भागाचा पुरवठा बंद करणारी झडप) कुठे आहे, आणि तो बंद करायचा हुकूम कोण देणार. इन्चार्जने व्हेंटिलेटरवरचे पेशंट सिलेंडरवर घेतल्याचं सांगेपर्यंत व्हॉल्व्हला हात नको. आणि सिलेंडरची चावी त्याच सिलेंडरला दोरीने बांधलेली असू द्या, मेट्रनच्या ड्रॉवरमध्ये नको.