रँड नेमका कधी मेला?

प्रश्न : ताई, मी एस. वाय. बी. ए.ला आहे. पुण्यातल्या १८९७ च्या प्लेगवर प्रकल्प केला. सरांनी ‘हे कुठून आणलंस?’ विचारून वही परत दिली. पहिलं पान सोबत पाठवतेय. नेटवरचं खरं कसं ओळखायचं?
– एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : तुझ्या पानावरची एकच ओळ घेऊ. ‘२२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांनी रँडला ठार केलं.’ रँड म्हणजे पुण्यातला प्लेग अधिकारी. गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या त्या त्याच रात्री. पण तेव्हा गेला तो लेफ्टनंट आयर्स्ट. जखमी रँड ३ जुलैला मेला. हीच चूक नेटवर ठिकठिकाणी दिसते, बरेचदा शब्दसुद्धा तेच. दहा जणांनी उतरवून घेतलं म्हणून दहा साक्षीदार होत नाहीत गं.

मूळ कागद घरबसल्या वाचता येतात. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या रोगराईचे सरकारी अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने स्कॅन करून फुकट खुले केलेत, त्यात प्लेगचेही आहेत. आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आहे. शोधताना मात्र शहराचं जुनं इंग्रजी स्पेलिंग टाक, ‘पूना’चं, डबल ओ घालून. आजचं टाकलं की फारसं काही हाती लागत नाही आणि मुलं समजतात, कागदच नाहीत.

इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, आहे. तिथे पुस्तक चढवल्याची तारीखही दिलेली असते, ती छापल्याची समजू नकोस. आतलं शीर्षकपान उघड : १८८५. म्हणजे प्लेग त्यात सापडणार नाही, पण साथीआधीच्या पेठा कशा होत्या ते पेठवार मिळेल. तुझ्या प्रकल्पात नेमकं तेच नाही.

अहवाल अस्सल असला तरी एकाच बाजूचा असतो. घरात शिरून झडत्या घेणाऱ्या सरकारनेच तो लिहिलाय. त्याच महिन्यांतला ‘केसरी’ शेजारी ठेवून वाच, ग्रंथालयात मागितलास तर मिळेल.

माझी आजी सांगायची, ‘प्लेगच्या साली आम्ही माळावर झोपडीत राहिलो.’ कितीतरी वर्षं मी ते १८९७ च धरून चालले होते. तिचा जन्म १९०५ चा! साथ पुढेही बरीच वर्षं येत राहिली, त्यातलंच एखादं साल ते. तुझ्या घरी असं कुणी सांगत असेल तर अवश्य लिहून घे. सांगणाऱ्याचं नाव, वय आणि त्यांनी कुणाकडून ऐकलं, तेही शेजारी लिही.