सुवर्णरेखा नदीच्या वाळूतून मुंबईला आणलेले चमकते कण सोन्याचे आहेत का, हे घरी कसे ओळखावे?
कण भिंगाखाली ठेवून सुईच्या टोकाने दाबावा: तो न तुटता चेपला तर सोने असण्याची शक्यता मोठी, चुरा झाला तर पायराइट (सोन्यासारखे दिसणारे खनिज), आणि वाकून पुन्हा सरळ झाला किंवा त्याचे पापुद्रे सुटले तर अभ्रक समजावे. याचे कारण असे, की सोने हा मऊ व वर्धनशील (दाबल्यास न तुटता पसरणारा) धातू आहे, तर पायराइट ठिसूळ असून टाइलच्या चकाकी नसलेल्या मागील बाजूवर घासल्यास हिरवट काळी रेघ उमटवते. सोन्याची रेघ पिवळीच असते. सावलीत अभ्रकाची चमक विझते, सोन्याचा पिवळेपणा टिकतो. सोने पाण्याच्या सुमारे १९ पट जड असले, तरी त्याचा अतिशय पातळ कण पृष्ठताणामुळे तरंगू शकतो, म्हणून केवळ बुडण्यावर विसंबू नये. शंका उरल्यास झवेरी बाजारात टंच काढून (सोन्याची शुद्धता तपासून) घ्यावा.